कलाकार थोर असेल तर त्याच्यावरचे गुन्ह्याचे आरोप पोटात घालावेत का?

नाही. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की अशा माणसाला तुरुंगात टाकलं तर समाजाचंच नुकसान होतं. हेच वाक्य मी गोव्यात, फोंड्याजवळच्या आमच्या गावात, देवळाच्या सभामंडपात ऐकलं आहे, म्हणून लिहायला बसले.

२००८ साल. जत्रेतल्या नाटकाच्या तालमी चालल्या होत्या. मास्तर बाहेरून आणलेले. पदं तेच बसवायचे, पेटीवरही तेच. माणूस कसबी होता, त्यात वाद नाही. कधी सूर न लावलेल्या पोरांकडून त्यांनी पदं म्हणून घेतली. आदल्या वर्षी पहाटे चारपर्यंत नाटक चाललं आणि मांडवातून कोणी हललं नाही. माझी मावसबहीण तेव्हा पंधरा वर्षांची. तिचा आवाज तिन्ही सप्तकांत सहज फिरायचा, हे मास्तरच सगळ्यांना सांगायचे. एका रात्री ती तालमीहून आली ती थेट न्हाणीघरात शिरली आणि बाहेर येईना. पद पक्कं करून घ्यायच्या नावाखाली मास्तर तिला मागे थांबवून घ्यायचे आणि अंगाला हात लावायचे. महिनाभर चाललं होतं.

मावशी मंडळाकडे गेली. सचिव आमचे मामा, तिचा सख्खा भाऊ. ते म्हणाले, "जत्रा आठ दिवसांवर आली. असा मास्तर पुन्हा मिळायचा नाही. बाय, एवढ्यापुरतं सोस." तिची भूमिका दुसऱ्या मुलीला दिली. नाटक रंगलं, पदांना बक्षिसं पडली. बहीण त्यानंतर कधी गायली नाही.

नुकसान मोजायचंच तर हे कोणाच्या खात्यात धरायचं? मास्तरांची नाटकं सगळ्यांनी पाहिली, म्हणून ती मोजता येतात. तिने गायलेलं कोणाला ऐकायलाच मिळालं नाही.

आणि कायदा नव्हता असंही नाही. गोव्याने २००३ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशाचा कायदा, पॉक्सो, आला २०१२ मध्ये. सभामंडपातल्या एकालाही गोव्याचा तो कायदा आठवला नाही, जत्रेची तारीख मात्र सगळ्यांना पाठ होती.

तुम्ही सिनेदिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचं उदाहरण दिलंय. त्याने १९७७ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीशी शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षा सुनावण्याआधी अमेरिकेतून पळाला. २००३ मध्ये त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा सभागृहातले कितीतरी लोक उभे राहिले. अटकेच्या भीतीने तो घ्यायला येऊ शकला नाही, तरीही. ते दृश्य पाहिलं तेव्हा मला आमचा मांडवच दिसला. २००९ मध्ये झुरिकला अटक झाली तीही पुरस्कार घ्यायला गेला असताना.

त्याचे सिनेमे बघावेत की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यात फारसा रस नाही. मी मास्तरांची कॅसेट ऐकत नाही. ती वाईट आहे म्हणून नव्हे. गाणं चांगलंच आहे.

एक मात्र सांगायला हवं. आरोप झाला म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही, आणि खोटी तक्रारही होऊ शकते. म्हणूनच ती पोलिसांत आणि कोर्टात गेली पाहिजे. मास्तरांनाही बाजू मांडता आली असती. मंडळाने दोघांचाही निवाडा पेटीच्या सुरांवर केला.

तुम्ही एखाद्या मंडळात असाल तर तक्रार आली त्या दिवशी तालीम थांबवा, मुलीच्या घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात जा, किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करा. नाटक पुढच्या वर्षी होतं.

मामा, चवथीला तुम्ही पुन्हा म्हणालात, "माणूस कसाही असो, सूर कसा होता!" सुराबद्दल माझं भांडण नाही. पण मास्तरांच्या सत्कारात शाल-श्रीफळ देताना तुम्ही मानपत्र वाचलंत, त्यात 'गावातल्या मुलींना त्यांनी पोटच्या लेकींसारखं घडवलं' असं वाक्य होतं. मावशी तिसऱ्या रांगेत बसली होती. ते मानपत्र मंडळाच्या भिंतीवर अजून आहे. ते उतरवा.