देहभान सुटलं की ऊन लागलं?

«मावशी, नमस्कार. मी मूळची पुण्याची. बरीच वर्षं ॲरिझोनात, फिनिक्सजवळ चँडलरला राहते. लहानपणी बाबांबरोबर दर रविवारी सिंहगड ठरलेला. बाबा गेले तेव्हा मला वेळेत पोचता आलं नाही. तेव्हापासून शनिवारी पहाटे मी एकटी डोंगर चढते. आधी साउथ माउंटनला जायचे, आता सुपरस्टिशनला जाते, कारण उन्हाळ्यात शहरातल्या वाटा बंद ठेवतात. फोन बंद असतो. माथ्यावरच्या एका दगडाला हळदकुंकू वाहते, बाबांशी बोलते. देव्हाऱ्यात कधी न भेटलेला देव मला तिथे भेटतो. गेल्या जुलैत उतरताना तर देहभानच सुटलं. कुठे आहे कळेना, डोक्यात नुसता प्रकाश! नवरा म्हणतो, हे पळून जाणं आहे. मीही येतो बरोबर. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाने असं एकटीने भटकू नये. लेक पंधरा वर्षांची आहे, त्या दिवशी ती खूप रडली. घरी आल्यावर मी दुपारपर्यंत मौन पाळते, तेही कुणाला रुचत नाही. मी स्वार्थी आहे का? – डोंगरवेडी»

डोंगरवेडे,

आधी जुलैतल्या त्या सकाळीचं बोलू, बाकी सगळं नंतर. बाई गं, तुला ऊन लागलं होतं. अंगातली उष्णता ४० अंशांच्या वर गेली की मेंदू गडबडतो, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. हा उष्माघात. त्यात माणसं जातात, आणि ज्याचं डोकं गडबडलंय त्यालाच ते उमगत नाही. तुझ्या अनुभवांवर मला शंका घ्यायची नाही. बाकीच्या शनिवारी तुला माथ्यावर जे मिळतं ते खरंच असेल. पण हा एक त्यातून वगळ, आणि एकदा डॉक्टरांना सांगून ये.

तुझी गफलत कुठे होते ते पुण्याच्या माणसाला लगेच कळेल. सिंहगडावर घाम निथळतो, सदरा पाठीला चिकटतो, शरीर ओरडून सांगतं. वर पोचलं की ताक असतं, पिठलं-भाकरी असते. सोनोरन वाळवंटात घाम येतो तसाच वाळतो, त्यामुळे अंग कोरडं राहतं आणि पाणी किती गेलं याचा पत्ताच लागत नाही. शिवाय चढण पहाटेच्या गारव्यात होते आणि उतरण उन्हात: खडक तापलेले, पाय थकलेले, बाटली रिकामी. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्सला ओळीने ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सियसला, किंवा त्याच्या वर पोचत होता. तू तिथेच राहतेस, तुला हे मी सांगायला नको.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: शहरातल्या वाटा बंद ठेवतात म्हणून सुपरस्टिशन. शहराने २०२१ पासून कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या डोंगरांवरच्या वाटा उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी भर उन्हाच्या वेळी बंद ठेवायला सुरुवात केली, ती चढणाऱ्यांना आणि त्यांना उचलून आणणाऱ्या अग्निशमनच्या जवानांनाही ऊन लागत होतं म्हणून. आणि तू काय केलंस, तर जिथे फाटक नाही, माणसं तुरळक आणि फोनला रेंजचा भरवसा नाही, तो डोंगर निवडलास! याला मी साधना म्हणणार नाही, हट्ट म्हणेन.

वाळवंटाला त्याचं स्वतःचं पंचांग आहे. ऑक्टोबर ते एप्रिल हा चढण्याचा काळ. उन्हाळ्यात जायचंच तर उजाडता उजाडता चालायला लाग आणि ऊन चढायच्या आत गाडीशी परत ये, तेही छोट्या वाटेने. पाणी निम्मं संपलं की माथा समोर दिसत असला तरी वळायचं. नुसतं पाणी ढोसू नकोस, खारं काहीतरी खा. पावसाळी ढग दिसले की कोरड्या ओढ्याच्या पात्रात थांबायचं नाही. पाऊस लांब पडतो आणि लोंढा तुझ्यापाशी येतो.

आता हळदकुंकू. हे मी खाजगीत सांगितलं असतं, पण इतरही वाचतात म्हणून इथेच सांगते: बंद कर. साउथ माउंटन तिथल्या मूळ रहिवासी अकिमेल ऑधम लोकांना पवित्र आहे, तिथल्या खडकांवर शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रं आहेत. सुपरस्टिशनशी अपाची लोकांची श्रद्धा जोडलेली आहे. दुसऱ्याच्या देवळात जाऊन आपण आपला देव मांडत नाही. हात जोड, बाबांशी बोल, कुंकवाची पुडी घरी ठेव.

आणि त्या भागातल्या लोकांची रीत बघ. दक्षिणेकडचे तोहोनो ऑधम लोक जून-जुलैच्या ऐन उन्हात सवारो निवडुंगाची फळं काढायला रानात जातात. निवडुंगाच्याच वाळक्या फासळ्यांच्या लांब काठ्या करतात, सकाळी लवकर निघतात. पाऊस यावा म्हणून फळाची रिकामी साल आतली बाजू आभाळाकडे करून जमिनीवर ठेवतात. हाही धर्मच, आणि उन्हाळ्यातलाच. पण ते घरच्यांसोबत जातात, थोरांनी शिकवलेलं पाळतात.

म्हणून नवऱ्याला बरोबर ने असं मी म्हणेन असं वाटलं असेल, तर नाही. एकटीने जाणं तुझं आहे, ते राख. सासूबाईंचं बाईमाणसाचं बोलणं ऐकून घे आणि सोडून दे. पण त्यांना तुकोबांचा दाखला द्यायला मात्र जाऊ नकोस, मला माहीत आहे तुझ्या जिभेवर तो असणार! तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, खरं आहे. पण भाकरी घेऊन तो डोंगर जिजाई चढायची, असंही आपल्याकडे सांगतात. डोंगरावर बसणाऱ्याचं सगळ्यांना आठवतं. खाली वाट बघणाऱ्याचं काय होतं ते तुझ्या लेकीने त्या दिवशी रडून सांगितलं.

त्यामुळे स्वार्थी आहेस का, या प्रश्नाला माझं उत्तर असं: चढतेस म्हणून नाहीस, फोन बंद करून चढतेस म्हणून थोडी आहेस. शुक्रवारी रात्री फ्रिजवर कागद लाव: कुठली वाट, गाडी कुठे, किती वाजता परत, आणि किती वाजेपर्यंत आले नाही तर ९११ ला फोन करायचा. रेंज नसली तरी निरोप जाईल असं सॅटेलाइटवरचं छोटं यंत्र मिळतं, ते घे. लागेल तेवढे पैसे लागू देत. माथ्यावरून ‘पोचले’ एवढा एक शब्द पाठवल्याने कुणाचा देव पळून जात नाही.

मौनाचंही तसंच. डोंगरावर ते तुझं स्वतःचं आहे. जेवणाच्या टेबलावर तेच समोरच्याला शिक्षा वाटतं, कारण त्याला कळत नाही तू शांत आहेस की रागावली आहेस. अर्धा तास अंघोळीला घे, मग घरात ये.

पळून जाणं आहे का, हे मला इथून सांगता येणार नाही. पण एक विचारते. बाबांना शेवटचं भेटता आलं नाही, हे तू मला, एका अनोळखी बाईला, लिहिलंस. दर शनिवारी दगडाला सांगतेस. नवऱ्याला कधी सांगितलंस का? ‘बाबा गेले’ हे त्याला माहीत आहे. तू त्यांच्याशी अजून बोलतेस हे माहीत आहे का? मला वाटतं, नाही. तो बरोबर येतो म्हणतोय तो डोंगरासाठी नव्हे. तू कुठे जातेस ते त्याला बघायचंय. या शुक्रवारी कागद लावताना त्याला बसवून एवढं सांग. मग तो घरी थांबायला तयार होतो का बघ. नाहीच झाला, तर डिसेंबरात एखाद्या रविवारी लेकीसकट त्याला सुपरस्टिशनमधल्या पेराल्टाच्या वाटेने खिंडीपर्यंत ने. तिथून वीव्हर्स नीडलचा सुळका समोर दिसतो. शनिवार मात्र देऊ नकोस.

– मावशी