भावंडाच्या पेशी जुळत नसतील, तर रक्ताच्या कर्करोगात मूलपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपण शक्य आहे का?

होय, अनेकदा शक्य असते. सख्ख्या भावंडाशी एचएलए (दाता जुळतो का हे ज्यावरून ठरते ते पेशींवरचे ओळखचिन्ह) पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण २५ टक्केच असते. परंतु आई, वडील किंवा अपत्य यांच्याशी ते निम्मे जुळतेच, आणि अशा प्रत्यारोपणाची वाट अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधनाने सुकर केली. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या व चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध दिल्यास, रुग्णाच्या शरीरावर उलटू पाहणाऱ्या दात्याच्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. मूलपेशींमध्ये मात्र त्या औषधाचा प्रभाव घालवणारे विकर (एन्झाइम) भरपूर असल्यामुळे त्या वाचतात. या क्षेत्रातले हे मला सर्वांत सुंदर संशोधन वाटते. जंतुसंसर्गाचा आणि आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका राहतो. तरीही दाता नाही असे समजून थांबू नका, आई-वडिलांचीही एचएलए तपासणी करून घ्या.