घरच्या पवनचक्कीची वीज सॉकेटमधून घ्यावी का?

प्रश्न : ब्राह्मणवेलच्या मोठ्या पवनचक्क्या ज्या पट्ट्यात आहेत, त्याच साक्री तालुक्यात आमचे मळ्यातले घर आहे. तेथे एक किलोवॅटची छोटी पवनचक्की ४८ व्होल्टच्या बॅटरीसह बसवायची आहे. इन्व्हर्टरच्या वायरीला थ्री-पिन लावून ती भिंतीवरच्या सॉकेटात घालावी आणि लाइट गेली की मेन स्विच पाडावा, असे वायरमन सुचवतो. हे नियमात बसते का? महावितरणची परवानगी लागते का? – एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : बसत नाही, आणि वायरमनचा हा सल्ला आपण मुळीच मानू नये. मेन स्विच पाडायचे एखाद्या रात्री राहून गेले, तर इन्व्हर्टरची वीज मीटरमधून बाहेर पडून डीपीच्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढू शकते आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला ११ हजार व्होल्टच्या बाजूला धक्का बसू शकतो. शिवाय सॉकेटातून काढलेल्या पिनाच उघड्या आणि जिवंत राहतात.

वीज घरापुरतीच वापरायची असेल, तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, एका वेळी एकच बाजू जोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बसवून घ्यावा. वीजनिर्मितीला २००३ च्या विद्युत कायद्यानुसार परवाना लागत नाही. पण घरातील जोडणीला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम लागू आहेत, आणि महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवून पोच घेतलेली बरी. उरलेली वीज लाइनवर सोडायची असेल, तर मात्र राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे महावितरणकडे रीतसर अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, आणि लाइनशी जुळवून वीज सोडणारा आणि लाइन जाताच आपोआप थांबणारा ग्रिड-टाय इन्व्हर्टर लागतो.

सौर पॅनेल बसवण्याचा सराव असलेला वायरमन येथे हमखास चुकतो. पॅनेलची वायर तोडली की काम थांबते. पवनचक्कीची तोडली तर भार निघून गेल्याने पाती बेफाम फिरू लागतात. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वारा दुप्पट झाला की जोर आठपट होतो. म्हणून बॅटरी भरल्यावर जादा वीज जिरवणारा डम्प लोड आणि चक्कीकडून येणाऱ्या तिन्ही वायरी एकमेकींना जोडून चक्कीला रोखणारा ब्रेक स्विच हवाच. हा ब्रेक वारा मंद असतानाच लावावा. बॅटरीलगतचा फ्यूज डीसीचाच (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठीचा) घ्यावा. पूर्ण भाराला तेथे सुमारे २१ अँपिअर प्रवाह असतो, आणि डीसीचा प्रवाह घरच्या एसी विजेसारखा वारंवार शून्यावर येत नसल्याने साध्या एसी एमसीबीतली (आपोआप पडणाऱ्या स्विचमधली) ठिणगी विझेलच असे नाही.

अर्थिंगसाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक पाहावे. मनोऱ्याचे अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडून घ्यावे, नाहीतर वीज कोसळल्यावर दोहोंत विजेच्या दाबाचा मोठा फरक निर्माण होतो. काळ्या जमिनीला भेगा पडतात त्या मे महिन्यातच अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या रोधाची मोजणी करून घ्यावी. श्रावणात ओल्या मातीत मिळालेला आकडा दाखवून ठेकेदार बिल मागू लागला, तर ते तेवढ्यावर चुकते करू नये.