चेतकची गळती साडेसहाशेत थांबेल, पण त्या हप्त्याचं काय?

प्रश्न: मी ४४ वर्षांचा, कराडजवळच्या एका खासगी शाळेत लिपिक आहे. हातात पगार ३१,००० रुपये. पत्नी, दोन मुलं. वडिलांची १९९९ सालची चेतक रोज वापरतो, येऊन-जाऊन १५ किलोमीटर. महिन्याभरापासून कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळतं. रात्री जिन्याखाली, गॅस गिझरच्या सिलिंडरशेजारी गाडी लावली की सकाळी फरशीवर डाग आणि घरभर वास. मेकॅनिक म्हणतो, नीडल-गॅस्केट बदलून ६५० रुपये, नवा कार्ब्युरेटर टाकला तर २,२००. पत्नी म्हणते, ही काढा आणि १,३०,००० ची इलेक्ट्रिक स्कूटर कर्जावर घ्या. गाडीचा विमा वडील गेल्यापासून, म्हणजे २०१९ पासून भरलेला नाही. बुकही त्यांच्याच नावावर आहे, पण जुन्या गाडीला पोलीस अडवत नाहीत. कर्जाची चिंता वाटत नाही, कारण बँकेतल्या साहेबांनी विमा असलेली एफडी करून दिली आहे. वर्षाला ५०,००० भरतो. तीन हप्ते झाले, चौथा पुढच्या महिन्यात. आणखी दोन वर्षांनी दुप्पट मिळणार आहेत. कागद सोबत जोडला आहे. काय करू?

उत्तर: हे वाचून होताच गाडी जिन्याखालून बाहेर काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते आणि तुमच्याकडे शेजारीच गिझरची ज्योत पेटते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उघड्यावर लावा आणि थांबलात की लगेच पेट्रोल कॉक बंद करा. कॉक बंद असूनही थेंब पडत असेल तर कॉकच गळतोय, तेही मेकॅनिकला सांगा.

६५० चं काम करा. कार्ब्युरेटरमधला फ्लोट पेट्रोलवर तरंगत वर येतो आणि नीडल तोंडात दाबून पुरवठा थांबवतो. माझ्या वडिलांच्या चेतकची नीडल मेकॅनिकने एकदा माझ्या तळहातावर ठेवली होती. टोकाला नखाने जाणवेल अशी गोल खाच पडली होती. तेवढ्या खाचेतून रात्रभर पेट्रोल झिरपत होतं. तुमच्याकडेही बहुधा हेच असेल, नाहीतर फ्लोटला भोक पडून तो जड झाला असेल. तुमच्यासमोर उघडायला सांगा. बॉडीच वाकलेली किंवा तडकलेली दिसली तरच २,२०० घाला. पेट्रोलची रबरी नळीही बदलून घ्या, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर आत्ता नको. महिन्याला साधारण ३७५ किलोमीटर, म्हणजे १० लिटर, म्हणजे हजार-अकराशे रुपयांचं पेट्रोल. विजेवर तेच शंभर-सव्वाशेत होईल. वाचले ९००-१,०००. त्यासाठी २०,००० रोख भरून उरलेल्या १,१०,००० वर तीन वर्षं महिना ३,६०० चा हप्ता. हे गणित बसत नाही. वहिनींना वासाचा आणि रोजच्या कटकटीचा त्रास होतोय, ते मला समजतं. तो त्रास साडेसहाशेत जाईल.

आता तुम्ही न विचारलेलं. तुमच्याकडे एफडी नाही, जीवन विम्याची पॉलिसी आहे. तुम्ही जोडलेल्या कागदाच्या चौथ्या पानावर तक्ता आहे: हप्ता भरण्याची मुदत ५ वर्षं, पॉलिसीची मुदत १५ वर्षं, मुदतीअखेर हमी रक्कम ४,००,०००, मृत्यू झाल्यास ५,००,०००. दोन वर्षांनी फक्त तुमचं भरणं संपतं. पैसे त्यानंतर आणखी दहा वर्षांनी मिळतात. अडीच लाख भरून पंधराव्या वर्षी चार लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम साडेतीन-पावणेचार टक्के. साडेसहा टक्क्यांच्या साध्या एफडीत त्याच हप्त्यांचे साडेपाच लाखांच्या वर झाले असते. ३१,००० पगाराच्या माणसाला ओळखीतल्या बँकेत, टेबलासमोर बसवून, 'एफडीसारखंच आहे, वर विमा फुकट' असं सांगून हे गळ्यात मारलं जातं. मला याची चीड येते. आणि पाच वर्षांत दुप्पट म्हणजे, सगळे पैसे पहिल्याच दिवशी ठेवले असते तरी, वर्षाला जवळपास पंधरा टक्के. तेवढी हमी देणारी एफडी कुठलीच बँक देत नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

पॉलिसी परत करण्याची सुरुवातीची मुदत उलटून गेली आहे. बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे आणि फी लागत नाही. पण तक्त्यावर तुमची सही आहे, म्हणून त्या भरवशावर बसू नका.

चौथा हप्ता भरू नका. आत्ता ५०,००० आणि पुढच्या वर्षी ५०,००० भरून तुमची शेवटची रक्कम, आत्ताच थांबलात तर मिळतील त्या अंदाजे २,४०,००० वरून ४,००,००० होईल, तीही बारा वर्षांनी. म्हणजे नव्या पैशांवरही चार टक्क्यांच्या थोडंच वर. कंपनीला दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे घेतले तर किती, आणि पेड-अप ठेवली, म्हणजे पुढे न भरता तशीच चालू ठेवली तर शेवटी किती. पेड-अपला तीन-पंचमांश, म्हणजे २,४०,००० च्या आसपास सांगतील असं धरतो. साडेसहा टक्क्यांच्या एफडीत बारा वर्षांत तेवढे व्हायला आज साधारण १,१०,००० लागतात. मग सरेंडरचे त्यापेक्षा कमी देत असतील तर पॉलिसी पेड-अप ठेवा आणि विसरून जा. त्याहून जास्त देत असतील तर पैसे काढा, एफडीत ठेवा. दीड लाख भरून सव्वा लाखही हातात येत नाही याचा राग येईल. पण गेलेले पैसे परत आणण्यासाठी नवे घालू नका.

तुम्ही विम्याच्या नावाखाली वर्षाला ५०,००० देता. रोज ज्या गाडीवर वहिनी आणि मुलं बसतात, तिचा कायद्याने सक्तीचा विमा मात्र नाही. चेतकचं इंजिन १५० सीसीच्या आतलं, त्यामुळे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा हप्ता वर्षाला ७१४ रुपये, जीएसटी धरून साडेआठशेच्या आत. पोलीस अडवत नाहीत हा मुद्दाच नाही, पहिल्यांदा पकडलं तर २,००० दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण उद्या पावसात ब्रेक लागला नाही आणि कुणी पादचारी गाडीखाली आला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे न पाहताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख भरपाई ठरते. तुमची चूक सिद्ध झाली तर रकमेला मर्यादाच नाही. विमा नसेल तर ही रक्कम तुमच्या पगारातून, तुमच्या घरातून वसूल होते.

फक्त विमा काढून भागणार नाही. गाडी आजही वडिलांच्या नावावर आहे. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुम्हाला उशीर झालाय, दंड भरून करा. आरटीओत फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आई आणि भावंडांची संमती. नोंदणीची पंधरा वर्षं २०१४ लाच संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, त्यासाठी फॉर्म २५. फी, हरित कर आणि उशिराचा दंड मिळून काही हजार जातील. नेमका आकडा आरटीओत विचारा. दहा हजारांच्या पुढे गेला तर ही गाडी ठेवायची का, हा प्रश्न खरा. मग मीही चांगली वापरलेली, कागद पूर्ण असलेली स्कूटर रोखीत शोधा म्हणेन. कागद होईपर्यंत शाळेला एसटीने जा.

न भरलेल्या हप्त्यातून आधी गाडीचे कागद, मग आरोग्य विमा. शाळेकडून काही नसेल तर चौघांचा ५ लाखांचा, वीस हजारांच्या आगेमागे. मग स्वतःसाठी ५० लाखांचा निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, दहा-बारा हजारांत बसेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्ही वैयक्तिक विम्यांच्या हप्त्यावर जीएसटी नाही. तुम्ही उद्या नसाल तर पाच लाखांत घर दीड वर्षही चालणार नाही, हे वहिनींसोबत बसून एकदा मांडा.

आणि बँकेत जाऊन हप्त्याचं ऑटो डेबिट थांबवायचा अर्ज या आठवड्यातच द्या, पोच घ्या. ते साहेब थांबवतील, 'नुकसान होईल' म्हणतील. त्यांना फक्त चौथं पान दाखवा. सरेंडरचा आकडा आला की मला कळवा.