ऑपरेशन थांबवलंय, दिवस वाया जातायत का?

प्रश्न : आईचं वय ६९. गळ्यावर जुनी गाठ होती, तिचा कधी त्रास नव्हता. गेल्या महिन्याभरात ती भराभर वाढली, आवाज बसला, आता पोळीचा घासही अडकतो. बायोप्सीत ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ कर्करोग निघाला. माझ्या जावेलाही थायरॉईडचाच कर्करोग होता. ऑपरेशन आणि आयोडीनचा डोस घेऊन ती आज ठणठणीत आहे. आईला मात्र आयोडीन चालणार नाही म्हणतात, आणि कसल्याशा जनुक तपासणीसाठी ऑपरेशनही थांबवलंय. वेळ फुकट जात नाही ना? आईला किती सांगायचं?

उत्तर : तुमच्या जावेचा आणि आईचा आजार एकाच ग्रंथीत उद्भवला, साम्य तेवढंच. ‘थायरॉईडचा म्हणजे चांगला कर्करोग’ हे वाक्य मी प्रतीक्षाकक्षात ऐकतो तेव्हा अस्वस्थ होतो, कारण ते पॅपिलरी या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराबद्दल बऱ्याच अंशी खरं आहे आणि अ‍ॅनाप्लास्टिकबद्दल मुळीच नाही. थायरॉईडच्या शंभर कर्करोगांत हा जेमतेम एखाद-दोन. पॅपिलरीच्या पेशी मूळ ग्रंथीसारख्या आयोडीन ओढून घेतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन त्यांना गाठतं. अ‍ॅनाप्लास्टिक पेशी तो गुण गमावून बसलेल्या असतात. डोस दिला तरी तो त्यांच्यात शिरत नाही, फक्त आठवडे जातात.

आता ऑपरेशन. गाठ पूर्ण निघण्याजोगी असेल तर ती लवकर काढणं योग्यच. पण ती श्वासनलिकेला किंवा मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली असेल, तर अर्धीमुर्धी काढून फारसं काही साधत नाही. उलट जखम भरेपर्यंत रेडिएशन लांबतं. म्हणून सीटी किंवा पेट स्कॅन आणि स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी आधी.

जनुक तपासणी ‘कसलीशी’ नाही, या आजारात सगळा मार्ग तीच ठरवते. बीआरएएफ जनुकात व्ही-६००-ई हा बदल सापडला, तर डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या दोन औषधांची जोडी तोंडावाटे देता येते. अमेरिकेत तिला या आजारासाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. गाठ आक्रसली तर आधी अशक्य वाटलेलं ऑपरेशनही कधीकधी शक्य होतं. थंडी वाजून ताप येणं हा या गोळ्यांचा नेहमीचा त्रास. हृदय आणि डोळेही तपासत राहावे लागतात.

मात्र एक गोष्ट आजच विचारा. संपूर्ण जनुकक्रमाच्या अहवालाला बहुधा दोन-तीन आठवडे लागतात. तेवढं थांबणं आईला परवडणारं नाही. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर बीआरएएफसाठी विशेष रंजन (पेशींना रंग देऊन केलेली तपासणी) करता येतं आणि उत्तर एक-दोन दिवसांत मिळू शकतं. ते केलंय का? बदल नसेल तर रेडिएशन आणि किमो चटकन सुरू व्हायला हवेत. दरम्यान एनटीआरके, आरईटी अशा इतर जनुकांतल्या बदलांचा शोध चालू राहतो.

आकडे लपवत नाही. पूर्वी निम्मे रुग्ण पाचेक महिन्यांत जात, वर्ष गाठणारे पाचात एक. वरच्या गोळ्यांच्या चाचणीत ३६ रुग्ण होते. त्यातल्या ५६ टक्क्यांची गाठ लक्षणीय आक्रसली आणि जगण्याचा मध्यांक साडेचौदा महिने आला, म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. पण बीआरएएफचा बदल असलेल्यांपुरतीच ही गोष्ट, आणि तो बदल सगळ्यांत नसतो.

आईला काय सांगायचं हे तुम्ही परस्पर ठरवू नका. तिला काय जाणून घ्यायचंय ते आधी विचारा. श्वास कोंडू लागला तर गळ्याला भोक पाडून नळी बसवायची का, अन्न देण्यासाठी थेट पोटात नळी बसवलेली चालेल का, हे तिच्याशी शांतपणे, आजच बोलायला हवं. मध्यरात्री धावपळीत सही मागितली जाते तेव्हा माणूस ‘हो’च म्हणतो. वेदनाशमन करणाऱ्या पॅलिएटिव्ह डॉक्टरांनाही आताच गाठा, उपचार चालू असतानाच. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्न : वय ४१. पॅपिलरी कर्करोगासाठी ग्रंथी काढली. अहवालात ‘टॉल सेल’ लिहिलंय. माझाही आजार अ‍ॅनाप्लास्टिकसारखाच होणार का?

उत्तर : नाही. टॉल सेल हा पॅपिलरीचाच जरा दांडगट प्रकार. त्याची पेशी रुंदीच्या तिप्पट तरी उंच असते आणि अशा पेशी ३० टक्के किंवा जास्त असतील तरच हे नाव लावतात. तो मानेतल्या लसिकागाठींत पसरण्याची आणि पुन्हा उद्भवण्याची शक्यता जास्त असते, काही वेळा आयोडीनलाही दाद देत नाही. त्यामुळे टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) किती खाली ठेवायचा, थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची रक्ततपासणी) आणि मानेची सोनोग्राफी किती वेळाने करायची, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्याआधी पॅथॉलॉजिस्टकडून दोन गोष्टी विचारून घ्या : टॉल सेलचं प्रमाण नेमकं किती टक्के होतं, आणि गाठ ग्रंथीच्या बाहेर गेली होती का.