वाचक विचारतात : जुनी छोटी गाडी आणि तिचा हवेचा मार्ग

प्रश्न : माझी २००८ ची ऑल्टो आहे, ९२ हजार किलोमीटर झालेत. सिग्नलला थांबलं की रेस आपोआप वाढते, मग एकदम पडते, पुन्हा वाढते. कधी कधी वरच अडकून राहते. एका गॅरेजमध्ये थ्रॉटल साफ करून दिलं, दुसरीकडे एमएपी सेन्सर बदला म्हणाले. बदलू का? (चिंचवड)

उत्तर : इतक्यात नको. तुमच्या गाडीत आत येणारी हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचातला) दाब एमएपी सेन्सर सांगतो आणि त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल ठरवतो. थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) पाकळीच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, कुठून चोरटी हवा शिरली की मॅनिफोल्डमधला दाब वाढतो. सेन्सर तो खरा तसा कळवतो, ईसीयू त्या मानाने पेट्रोल वाढवतो आणि रेस चढते. पाय तर पॅडलवर नाही, मग रेस का चढली, म्हणून ईसीयू पेट्रोल तोडतो. रेस पडली की पुन्हा देतो. तुम्हाला जाणवणारं वर-खाली हेच आहे. सेन्सर खोटं बोलत नसताना तो बदलून काही हाती लागणार नाही.

सेन्सरवर शंका राहिलीच तर मल्टिमीटरने खात्री करा. चावी चालू, इंजिन बंद असताना त्याच्या सिग्नलच्या तारेवर तीन-साडेतीन व्होल्टच्या वर दाखवायला हवं आणि इंजिन सुरू होऊन आयडलला (पॅडल न दाबता) आलं की ते दीडच्या आसपास किंवा खाली यायला हवं. असं उतरत असेल तर सेन्सर ठीक आहे. इंजिन सुरू होऊनही व्होल्टेज हलत नसेल तर आधी सेन्सरची बारीक व्हॅक्यूम नळी बघा (काही गाड्यांत सेन्सर थेट मॅनिफोल्डवर असतो). ती निघाली की सेन्सरला बाहेरची हवा दिसते, पेट्रोल भरमसाट जातं, काळा धूर येतो आणि गाडी बंद पडते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. एअर फिल्टर ते थ्रॉटल हा जाड, घड्यांचा रबरी पाइप फाटला तर या गाडीत आयडलिंग बिघडत नाही. तिथली हवा पाकळीच्या आधीच येते, मोजमापात फरक पडत नाही. पण त्या फटीतून न गाळलेली धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनच्या रिंगा खाते. म्हणून तो पाइप तपासायचाच, फक्त वेगळ्या कारणासाठी. पाइप जागेवर असताना वरून नवा दिसतो. काढून हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि घडी-घडी वाकवून बघा. चीर नेहमी घडीच्या तळाशी असते आणि इंजिन हललं तरच तोंड उघडते. आतल्या भिंतीवर तांबूस धुळीचा पट्टा दिसला तर चीर तिथेच कुठेतरी आहे.

तुमचा दोष पाकळीच्या पुढे आहे का, याची परीक्षा सोपी आहे. इंजिन गरम करून आयडलला ठेवा, थ्रॉटलवरचा पाइप काढा आणि जाड रबराच्या तुकड्याने थ्रॉटलचं तोंड गच्च झाका. तळहात लावू नका, ओढ जोराची असते. पीसीव्हीची नळी (इंजिनातल्या तेलाच्या वाफा परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) पक्कडीत कापड घालून दाबून धरा. सगळं ठीक असेल तर एक-दोन सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडतं. घरघरत चालतच राहिलं तर हवा दुसरीकडून येते आहे.

मग शोध या क्रमाने घ्या. आधी अ‍ॅक्सिलेटरची केबल : थोडी ढिली हवी आणि पाकळी पूर्ण बसायला हवी. केबल ताणलेली असेल तर पुढचं काहीच बघायला नको. त्यानंतर पीसीव्हीची नळी. तेलाच्या वाफेने तिचं कोपराचं रबर फुगून मऊ होतं आणि खालच्या बाजूने, जिथे नजर जात नाही तिथे, फुटतं. बोटाने चाचपा. मग ब्रेक बूस्टरची (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी, पेट्रोल प्रेशर रेग्युलेटरची आणि कॅनिस्टरची (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा साठवणाऱ्या डब्याची) नळी. एकेक कापडातून दाबत जा. ज्या नळीवर रेस खाली आली, ती नळी किंवा तिच्या टोकाचा भाग दोषी. रेग्युलेटरची नळी काढल्यावर आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर त्याचा पडदा फाटला आहे, लगेच बदला. ब्रेक दाबल्यावर सूं आवाज येऊन रेस बदलत असेल तर बूस्टर संपला आहे. तो बदलेपर्यंत गाडी चालवू नका.

नळ्या निर्दोष निघाल्या तर इंजेक्टरचे ओ-रिंग आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग उरतं. फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी घेऊन सांध्यावर बारीक मारा. पाण्याने फट क्षणभर बुजली की आवाज बदलतो. कॉइल आणि कनेक्टर वाचवा. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे गरम इंजिनवर मारून फट शोधण्याची पद्धत सर्रास आहे, पण पेट घेण्याचा धोका खरा आहे, आम्ही ती सुचवत नाही. मॅनिफोल्डचे बोल्ट १२ च्या पान्याने मधून कडेला, दोन-तीन फेऱ्यांत, २० ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. जोर केला तर हेडमधले अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. पॅकिंग बदलायचं तर थंड इंजिनवरच, कूलंट आधी काढून.

प्रश्न : १९९६ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. गरम झाल्यावरही अर्धा चोक ओढल्याशिवाय आयडलला टिकत नाही. तीन वेळा ट्यूनिंग झालं. (कऱ्हाड)

उत्तर : इथे गणित उलटं. कार्बोरेटरला चोरट्या हवेचा पत्ताच नसतो, तो पेट्रोल वाढवत नाही, मिश्रण पातळ होतं. चोकने बरं वाटतं ते म्हणूनच. मिक्स्चरचा स्क्रू फिरवून ही हवा भरून निघत नाही. तीन ठिकाणं बघा. एक, कार्बोरेटरखालचा काळा इन्सुलेटर आणि त्याची पॅकिंग : उष्णतेने वाकतो, काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा. दोन, थ्रॉटलच्या दांड्याची झीज : दांडा बोटाने वर-खाली हलत असेल तर हवा तिथूनच. तीन, डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (ओढीने ठिणगीची वेळ पुढे सरकवणारा पडद्याचा डबा) : नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर पडदा फाटला आहे.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर उत्तमच. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला १७ ते २० इंच (पाऱ्याचे) दाखवतं. उंचीच्या दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणून तुमच्याकडे दीड-दोन इंच कमी आले तर तो दोष नाही. काटा खाली पण स्थिर असेल तर गळती किंवा ठिणगीचं उशिराचं टायमिंग, तालात झटके देत असेल तर व्हॉल्व्ह. गळती बंद झाल्यावरच ट्यूनिंग.

प्रश्न : जुन्या वॅगन-आरला मिक्सरवालं सीएनजी किट आहे. महिन्यातून एकदा फट् असा बार होऊन एअर फिल्टरचं झाकण उडतं. (ठाणे)

उत्तर : बार होतो तेव्हा गॅस मॅनिफोल्डमध्येच पेटलेला असतो. मिश्रण पातळ झालं, ते सावकाश जळत राहिलं आणि पुढचा इनटेक व्हॉल्व्ह उघडेपर्यंत विझलं नाही, किंवा स्पार्क चुकीच्या ठिकाणी फुटला. आधी प्लग आणि हाय-टेन्शन वायर. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. अंधारात बॉनेट उघडून बघा, वायरवर निळसर ठिणगी रेंगाळली तर वायर बदला.

मग मिक्सर, म्हणजे हवेत गॅस मिसळणारा भाग. मिक्सर ते थ्रॉटल या तुकड्यात फट असेल तर गॅसमध्ये जादा हवा मिसळते आणि बार होतो. क्लॅम्प तारेने गुंडाळलेला असेल तर तो फेकून स्क्रूचा क्लॅम्प लावा. उलट फिल्टर तुंबला असेल तर मिक्सरपाशी ओढ वाढते, गॅस जास्त जातो, गाडी जड चालते. एकदा झाकण उडालं की बॉक्सच्या क्लिपा आणि पाइपच्या घड्या दोन्ही तपासा, बहुतेकदा तिथे नवी चीर पडलेली असते. किटच्या नळ्यांना आणि रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) मात्र अधिकृत सीएनजी केंद्राशिवाय हात लावू नका.

प्रश्न : कागदी फिल्टर धुऊन वापरला तर चालेल का? (परभणी)

उत्तर : नाही. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, वाळल्यावर छिद्रं वेडीवाकडी होतात. पेट्रोलने तर चिकटवणच सुटते. कमी दाबाच्या हवेने आतून बाहेर फुंकायचा, बस. तुमच्याकडच्या धुळीत दर ५ हजार किलोमीटरला बघा, २० हजारांच्या आत बदला. बदलताना बॉक्सचा तळ ओल्या फडक्याने पुसा. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फिल्टरखाली शेंगांची टरफलं, कापूस सापडतो. उंदराने कागद कुरतडला असेल तर पुढचा पाइप काढून थ्रॉटलपर्यंत बघा, तुकडे आत गेलेले असू शकतात.

प्रश्न : एअर फिल्टरच्या बॉक्समध्ये इंजिन ऑइल साचतं. (फोंडा, गोवा)

उत्तर : आधी डिपस्टिक बघा, ऑइल वरच्या खुणेच्या वर भरलेलं असेल तर तेवढंच कारण पुरे. तसं नसेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा, खडखडला पाहिजे. नाही खडखडला तर चोंदला आहे, स्वस्त भाग आहे, नवाच घाला. त्यानंतर गरम इंजिन आयडलला ठेवून ऑइलचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ कागद धरा. कागद चिकटला किंवा नुसता थरथरला तर ठीक. ठोक्यागणिक बाहेर फेकला जात असेल तर रिंगांतून दाब खाली येतो आहे. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, आधी कोरडी, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून. ऑइलने आकडा ठळक वाढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह.