वाचकांचे प्रश्न : लघुपटाचे पोस्टर, मुखपृष्ठ आणि बोधचिन्ह

प्रश्न : आम्ही पाच विद्यार्थ्यांनी मिळून ‘मानस’ हा चौदा मिनिटांचा मराठी लघुपट केला आहे. खाजन शेतीच्या, म्हणजे खारे पाणी बांधाने अडवून केलेल्या शेतीच्या, बांधावरील मानशीची (पाण्याच्या लाकडी दरवाजाची) राखण करणाऱ्या म्हाताऱ्याची ती गोष्ट आहे. प्रकल्पासोबत पोस्टर, एका काल्पनिक सिनेमासिकाचे मुखपृष्ठ आणि आमच्या गटाचे बोधचिन्ह द्यायचे आहे. संध्याकाळी बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची एकच फ्रेम तिन्ही ठिकाणी वापरली तर एकसंधपणा येईल, असे दिग्दर्शकाचे म्हणणे आहे. पोस्टरच्या आकारात मात्र ती फ्रेम पुसट दिसते. काय करावे? (एक विद्यार्थिनी, फोंडा)

उत्तर : पुसटपणाचे कारण साध्या हिशेबात आहे, म्हणून ते आधी पाहू. एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात. चांगल्या छपाईला इंचामागे ३०० पिक्सेल धरतात, त्यामुळे ती फ्रेम ६.४ इंच रुंद आणि ३.६ इंच उंच एवढीच नीट छापता येते. ए-३ आकाराच्या, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरच्या उभ्या पोस्टरला ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल लागतात. आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की उंचीचे १०८० पिक्सेल साडेसोळा इंचांवर ताणले जातात आणि इंचामागे जेमतेम ६५ उरतात. फोर-केमध्ये चित्रण केले असते तरी हा आकडा १३० च्या आसपासच थांबला असता. शिवाय सेकंदाला २५ फ्रेम या वेगाने चित्रण करताना प्रत्येक फ्रेम साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा वेळ प्रकाश घेत असते. तेवढ्यात हललेला हात पडद्यावर स्वाभाविक वाटतो, पण कागदावर तो फरफटल्यासारखा दिसतो. नट गावातलाच असेल आणि बांध तर कुठे जाणार नाही, तेव्हा पुन्हा एकदा संध्याकाळी जाऊन, कॅमेरा उभा धरून स्थिर छायाचित्रे काढा आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावर भरपूर आकाश मोकळे सोडा, कारण नाव तिथेच बसवायचे आहे.

दिग्दर्शकाशी मात्र मी सहमत नाही. या तीन वस्तूंचे मालक वेगवेगळे आहेत. पोस्टर लघुपटाचे असते, मुखपृष्ठ मासिकाचे असते आणि बोधचिन्ह तुमच्या गटाचे. तो गट पुढच्या वर्षी कदाचित मासळीबाजारावर किंवा वसतिगृहावर लघुपट करील, तेव्हा बांधावरचा म्हातारा त्याच्या माथ्यावर कशाला हवा? एकसंधपणा रंगाने आणि अक्षराने आणता येतो, त्यासाठी तेच छायाचित्र तीनदा वापरण्याची गरज नाही.

पोस्टरचा विचार मी तुमच्या नावापासून सुरू केला असता. ‘मानस’ हा शब्द पुण्याचा वाचक ‘मन’ या अर्थाने घेईल, तर गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडण बेटावरच्या माणसाला त्यात बांधातला लाकडी दरवाजा दिसेल. भरतीचे पाणी फळ्यांवर रेटा देते आणि दरवाजा आपोआप मिटतो. ओहोटीला आतले पाणी त्याच फळ्या बाहेर ढकलते. हे दोन्ही अर्थ एकाच अक्षरचित्रात मावू शकतात, आणि असे भाग्य फार थोड्या शीर्षकांना लाभते. शिरोरेषा हाच बांध मानून तिच्या वरच्या अंगाला भरतीचे पाणी टेकवा, खाली शेत राहू द्या आणि ‘मा’चा काना किंचित वर उचललेल्या फळीसारखा काढा. एवढी एक युक्ती पुरे आहे. तिच्या जोडीला डोळ्यातला अश्रू, उडता बगळा आणि मावळता सूर्यही आणलात, तर पाहणाऱ्याला नाव वाचायला फुरसत मिळणार नाही. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत तिठ्यांवर टांगलेले तियात्राचे (कोकणी नाटकाचे) फलक आठवा. त्यांच्या रंगसंगतीविषयी मतभेद असू शकतात, पण दुचाकीवरून जाणारा माणूस नाव आणि तारीख वाचूनच पुढे जातो.

बोधचिन्हाविषयी थोडक्यात सांगतो. नारळाचे झाड, लाट आणि फिल्मची रीळ यांचे मिश्रण गोव्यात एवढ्यांदा झाले आहे की त्यावरून कोणाचीच ओळख पटत नाही. चिन्ह एका रंगात काढा, एक सेंटिमीटर रुंदीचे करून कागदावर छापून पाहा आणि ते व्हेक्टर स्वरूपात (कितीही मोठे केले तरी न फाटणाऱ्या रेषांच्या रूपात) जपून ठेवा, म्हणजे पोस्टरच्या तळाशी आणि पडद्यावरही तेच वापरता येईल.

प्रश्न : मुखपृष्ठ आणि पोस्टर यांत नेमका फरक काय? लघुपटासोबत आम्ही केलेल्या काल्पनिक मासिकाच्या मुखपृष्ठाला परीक्षकांनी ‘हे दुसरे पोस्टरच आहे’ असा शेरा दिला. (एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : परीक्षकांचा शेरा योग्य असावा, असे तुम्ही पाठवलेल्या प्रतीवरून वाटते. मुखपृष्ठावर सर्वांत वर आणि सर्वांत ठळक असते ते मासिकाचे नाव, आणि ते दर महिन्याला तसेच राहते. तुम्ही लघुपटाचे नाव मासिकाच्या नावापेक्षा मोठे केले, तिथेच गाडी रुळावरून घसरली. मासिकात इतर मजकूरही असतो, म्हणून मुखपृष्ठावर तुमच्या लघुपटाखेरीज आणखी तीन-चार लेखांचे मथळे हवेत. महिना, अंक आणि किंमत हवी, आणि बारकोडसाठी पांढरी चौकट राखलेली हवी (दुसऱ्या मासिकाचा बारकोड उचलून लावू नका, ती चौकट रिकामी राहिली तरी चालेल). पोस्टरवरचा माणूस कथेत बुडालेला असतो, त्याला आपली दखल नसली तरी बिघडत नाही. मुखपृष्ठावरचा चेहरा मात्र बहुधा वाचकाकडे पाहतो, कारण त्याला अंक उचलायला लावायचा असतो. तेव्हा मुखपृष्ठासाठी नटाचे निराळे छायाचित्र काढा आणि त्यात तो पात्राच्या वेषात नसून नट म्हणून दिसू द्या.

या विषयात गोव्याने मराठीला जे दिले आहे ते एकदा पाहून घ्या, असेही सुचवतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही चित्रकार मूळचे गोव्याचे. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले आणि मराठी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर या दोघांची छाप दीर्घकाळ राहिली. जुने दिवाळी अंक मिळाले तर चित्रातल्या आकृतीच्या डोक्यामागे अंकाचे नाव किती सहजपणे सरकवले आहे ते निरखा. नाव झाकले जाऊनही वाचता यावे, एवढी ओळख त्या अंकाने कमावलेली असते. तुमचे काल्पनिक मासिक आजच जन्मलेले आहे, म्हणून त्याचे एकही अक्षर झाकू नका.

प्रश्न : संगणकावर बरोबर दिसणारे देवनागरी शीर्षक छापखान्यात बिघडून आले. दोष कोणाचा? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : हा अनुभव मीही घेतला आहे. एका नाट्यप्रयोगाच्या पोस्टरवर ‘निर्मिती’ या शब्दातल्या पहिल्या वेलांटीने ‘न’ सोडून पुढे उडी मारली होती आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता. दोनशे प्रती छापून झाल्यावर ते लक्षात आले. छापखान्याला मी बराच बोललो, पण प्रूफ न पाहता होकार दिला होता तो मीच. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते आणि ती अक्षराच्या आधी दाखवण्याचे काम सॉफ्टवेअरचे असते. त्यात भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल, तर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. यावर उपाय असा, की शीर्षकाच्या अक्षरांचे बाह्यरेषांत (आउटलाइनमध्ये) रूपांतर करून मगच पीडीएफ द्यावी आणि मूळ संपादनक्षम प्रत स्वतःजवळ ठेवावी. इंग्रजी पोस्टरांसारखी अक्षरे लांब लांब ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांकडे पाहावे. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही.

छपाईला देताना चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी चित्राची जादा कड) सोडावे आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत ठेवावा. पडद्यावर रंग प्रकाशातून बनतात आणि कागदावर शाईतून, त्यामुळे चमकदार निळा जांभळट होतो आणि संध्याकाळची काळोखी दृश्ये आणखी काळवंडतात. एक प्रत आधी काढून, ती खिडकीजवळच्या उजेडात पाहून मगच उरलेल्या प्रतींना होकार द्यावा.

प्रश्न : आम्ही लघुपट नोव्हेंबरमधील इफ्फीसाठी, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी, पाठवणार आहोत. पोस्टरवर महोत्सवाच्या बोधचिन्हातला मोर आताच लावला तर चालेल का? (एक विद्यार्थी, साखळी)

उत्तर : चालणार नाही. २००४ पासून महोत्सव आपल्या दारात भरतो, म्हणून तो घरचा वाटणे साहजिक आहे, पण प्रवेशिका पाठवणे आणि निवड होणे यांत अंतर आहे, आणि पानांच्या तोरणाचे महोत्सवी चिन्हही निवड झाल्याचे कळल्यावर, आयोजकांनी दिलेल्याच स्वरूपात लावायचे असते. नावाखाली त्यासाठी मोकळी जागा राखून ठेवा. तोपर्यंत पोस्टरे महाविद्यालयाच्या आणि वाचनालयाच्या फलकावर परवानगी घेऊन लावा. सार्वजनिक भिंतीवर चिकटवू नका. पावसाळा संपायचा असेल तर उघड्यावर लावण्याच्या दोन-तीन प्रती व्हिनाइलवर (प्लास्टिकच्या पत्र्यावर) काढून सनबोर्डला (हलक्या फोमच्या फळीला) चिकटवून घ्या, कारण साध्या इंकजेट प्रिंटची शाई पहिल्याच सरीत ओघळते.